पाणथळ फेरी: पक्ष्याआधी पाणी दाखवणारी सेवा

कोल्हापुरात सशुल्क निसर्गफेऱ्या आता बऱ्याच निघतात आणि त्यांतील पुष्कळशा एकाच साच्याच्या असतात. सकाळी लवकर जमायचे, दुर्बिणी वाटून घ्यायच्या, दिसेल त्या पक्ष्याचे नाव ऐकायचे, छायाचित्रे काढायची आणि परतताना मिसळ खायची. ज्या फेरीविषयी येथे लिहितो आहे तीही मिसळीपाशीच संपते. पण तिची सुरुवात पाण्याच्या पातळीपासून होते, आणि एवढ्या एका फरकामुळे ती मला इतर फेऱ्यांहून कितीतरी मोलाची वाटली. स्थानिक तरुण अभ्यासकांचा एक लहानसा गट कळंबा तलाव, रंकाळा आणि पंचगंगेचा काठ येथे वर्षाच्या निरनिराळ्या हंगामांत या फेऱ्या काढतो. गटाचे नाव मुद्दाम देत नाही. त्यांच्या फेरीत माणसे थोडी असतात आणि ती थोडीच राहावीत, हा त्यात माझा स्वार्थ आहे; शहरातल्या कोणत्याही पक्षीमित्राला विचारले तरी त्यांचा ठावठिकाणा कळतो.

कळंब्याची फेरी या सगळ्यांत उत्तम. पावसाळ्यात कात्यायनीच्या डोंगराकडून येणाऱ्या पाण्याने हा तलाव भरतो, सांडव्यावरून पाणी पडू लागल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, आणि मग दिवाळीपासून मेपर्यंत त्याचे पाणी हळूहळू उतरत जाते. फेरीचा मार्गदर्शक हातात दुर्बिणीबरोबर एक बांबूची काठी घेऊन येतो. तिच्यावर दर पाच सेंटीमीटरला रंगाची खूण केलेली असते. काठावर पोहोचताच तो ती काठी पाण्यात चार-सहा ठिकाणी उभी धरतो आणि कुठे किती खोल आहे ते सर्वांना पाहायला लावतो. फेरीतल्या एका मुलाने घाईने विचारले, “दादा, पक्षी कधी बघायचे?” त्यावर उत्तर आले, “आधी पाणी बघायचं, पक्षी मागनं. पाणी कळलं की पक्षी कुठं असणार ते तूच सांगशील.”

आणि तसेच झाले. काठीची पहिली खूणही भिजत नव्हती अशा ओल्या चिखलावर छोटे टिलवे आणि छोटे कंठेरी चिखल्ये धावत होते. त्यापुढे जेथे पाणी पहिल्या-दुसऱ्या खुणेपर्यंत होते तेथे ठिपकेवाल्या तुतारी, आणि त्याहून आत, दुसऱ्या-तिसऱ्या खुणेच्या पाण्यात, लांबसडक गुलाबी पायांचे शेकाट्ये. टिलव्याच्या पायाची उघडी दिसणारी नळी सुमारे 2 सेंटीमीटर लांब असते, शेकाट्याची सुमारे 12. त्यामुळे पाणी बोटभर चढले तरी टिलव्याचा तेथला चारा बंद होतो, शेकाट्याला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. त्या मुलाने पुढच्या वळणावर काठी स्वतः मागून घेतली, पाण्यात धरली आणि “इथं शेकाट्या येणार” असे जाहीर केले. शेकाट्या आला नाही, एक राखी बगळा मात्र तेथे उभा होता. मार्गदर्शकाने तेही उत्तर बरोबर धरले, कारण बगळ्याचे पाय त्याहून खोल पाण्यातही टेकतात. पक्ष्यांची नावे पाठ करून घेण्यापेक्षा ही पद्धत किती सरस आहे, हे मुलांबरोबर फेरीला गेल्यावर पटते.

याच ठिकाणी मार्गदर्शकाने सांगितलेली एक गोष्ट पुष्कळांना नवी होती. तलावात पाणी जितके जास्त तितके पक्षी जास्त, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पाणपक्ष्यांच्या जातींची सर्वांत जास्त विविधता साधारण 20 सेंटीमीटरपेक्षा उथळ पाण्यात आढळते. खोल पाणी लागते ते बुडी मारणाऱ्यांना: पाणकावळे, टिबुकल्या, बुडी मारणारी बदके. चालत चरणाऱ्यांना आणि शेपटी वर करून केवळ मान पाण्यात घालणाऱ्या बदकांना काठोकाठ भरलेला तलाव जवळपास निरुपयोगी असतो. उजनीच्या जलाशयावर भिगवणजवळ रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जाणाऱ्या कोल्हापूरकरांना याचा अनुभव आहेच. धरण भरलेले राहिले की रोहित उशिरा येतात किंवा विखुरतात, आणि पाणी उतरून चिखलाचे सपाट काठ उघडे पडले की त्यांचे थवे बसू लागतात.

पाणी उतरते तेव्हा काय काय घडते, हे या फेरीत थांबून दाखवतात. उघड्या पडलेल्या चिखलाला हवा लागते, त्यातला सडका पाला लवकर कुजतो, त्यात दबून राहिलेले गवताचे आणि पाणवनस्पतींचे बी उगवते, आणि पुढच्या पावसात तीच हिरवळ पाण्याखाली जाऊन कीटकांच्या अळ्यांना व माशांच्या पिल्लांना अन्न पुरवते. दुसरीकडे, पाणी कमी होत जाते तशी मासळी उरलेल्या डबक्यांत दाटते. फेब्रुवारीनंतर एखाद्या कोपऱ्यात बगळे, चमचे आणि चित्रबलाक एकाएकी गर्दी करून दिसतात ते याच कारणाने. चिखलात एके ठिकाणी मार्गदर्शकाने काठीच्या टोकाने एक पाणगोगलगाय उकरून दाखवली. तिने शंखाचे तोंड आतून घट्ट झाकण लावून बंद केले होते. या गोगलगायीला कल्ला आणि फुप्फुसासारखी पिशवी दोन्ही असतात, त्यामुळे पाण्यात आणि पाण्याबाहेर ती श्वास घेऊ शकते. पाणी आटले की चिखलात शिरून झाकण लावून ती पाऊस येईपर्यंत पडून राहते. तिला पुन्हा होती तशी ठेवून चिखल लोटला गेला, हे विशेष नमूद करतो, कारण दुसऱ्या एका फेरीत मी अशीच गोगलगाय हातोहात फिरताना आणि शेवटी कोरड्या दगडावर टाकून दिलेली पाहिली आहे. या गोगलगायींवरच मुग्धबलाक जगतो. त्याच्या चोचीत मधोमध जी फट दिसते ती याच कामाची असल्याचे मानले जाते. तो तलावावर कधी येतो आणि कधी दुसरीकडे जातो, हे मग सांगावे लागत नाही.

जूनमधली रात्रीची फेरी वेगळ्याच प्रकृतीची आहे. पहिले दमदार पाऊस झाले की निरोप येतो आणि त्याच संध्याकाळी निघावे लागते. ज्यांना महिनाभर आधी तारीख ठरवायची सवय आहे त्यांना हे जमणार नाही, पण त्याला इलाज नाही, कारण बेडकांचा मेळा एक-दोन रात्रींचाच असतो. उन्हाळाभर जमिनीत दडून बसलेले मोठे बैलबेडूक वर येतात. नरांचा मळकट हिरवा रंग जाऊन ते हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. शेताच्या कडेला साचलेल्या गुडघाभर पाण्यात असे पंधरा-वीस नर एकमेकांना ढकलत ओरडत असताना शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. हे बेडूक शेजारचा भरलेला तलाव सोडून डबक्यातच का जमतात, हा प्रश्न मार्गदर्शकानेच विचारला आणि उत्तरासाठी आम्हांला बराच वेळ दिला. डबक्यात मासे नसतात, म्हणून अंडी आणि पिल्ले खाल्ली जाण्याची भीती कमी. मात्र डबके आटण्याची भीती मोठी, म्हणून सगळा कारभार घाईचा. डबक्याचे पाणी कमी होऊ लागले की बेडकांच्या कित्येक जातींची शेपटीवाली पिल्ले आपली वाढ आटोपती घेतात आणि लवकर पाय फुटून बाहेर पडतात. त्याची किंमत म्हणून ती अंगाने लहान राहतात आणि पुढे त्यांची जगण्याची शक्यता घटते. पाऊस पंधरा दिवस ओढ देतो तेव्हा शेतकऱ्याप्रमाणेच या पिल्लांचीही परीक्षा असते, हे त्या रात्री प्रथमच लक्षात आले.

त्याच डबक्यांवर पावसाबरोबर आलेले पिवळसर चतुर अंडी घालतात. त्यांच्या अळ्या दीड-दोन महिन्यांत पूर्ण वाढतात, म्हणून तात्पुरते पाणीही त्यांना पुरते. खेकड्यांच्या बिळांविषयीही ऐकायला मिळाले: जमिनीतले पाणी जसे खाली जाते तसे खेकडे बीळ खोल नेतात आणि पहिल्या पावसाला बाहेर पडतात. मरळ मासा हवा घेऊन श्वास घेऊ शकतो, त्यामुळे आटत्या डबक्याच्या चिखलातही तो तग धरतो. मे महिन्यात मरळ धरणाऱ्या कोणालाही हे सांगायला अभ्यासक लागत नाही, आणि मार्गदर्शकाने तसे प्रांजळपणे म्हटलेही. ही माहिती आपल्याला गावातल्या जुन्या मासेमारांकडूनच मिळाल्याचे त्याने सांगितले.

पाणी चढते तेव्हाची धांदल पाहायची असेल तर ऑगस्टमधली कळंब्याची फेरी चुकवू नये. टिबुकलीचे घरटे पाणवनस्पतींच्या देठांना अडकवलेले, तरंगते असते. दुर्बिणीतून आम्हांला एक घरटे स्पष्ट दिसत होते. रात्रीच्या पावसाने पाणी वाढलेले होते आणि नर-मादी दोघेही ओले शेवाळ, कुजके देठ चोचीत आणून घरट्याच्या कडेवर रचत होते. मधूनच एकजण अंड्यांवरून उठताना चोचीने पाला ओढून अंडी झाकायचा. सगळी हालचाल इतकी नेमकी की पाहणाऱ्यांपैकी कोणी बोलत नव्हते. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचे घरटे तर नावालाच असते, तरंगत्या पानांवर चार गवताच्या काड्या. त्यात अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे नराकडे असते, मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते. पाणी चढून घरटे बुडू लागले किंवा कोणाचा त्रास झाला तर हा नर अंडी ढकलत, ओढत शेजारच्या पानावर नेतो, अशा नोंदी आहेत. आम्हांला ते दिसले नाही आणि दिसावे म्हणून कोणी जवळ जाण्याचा आग्रहही धरला नाही.

येथे टिटवीचा विषय निघणे अटळ होते. टिटवीने अंडी उंचावर घातली तर त्या वर्षी पाऊस मोठा, सखल जागी घातली तर बेताचा, असे आपल्याकडे प्रत्येक गावात म्हणतात. मार्गदर्शकाने या समजुतीची टिंगल केली नाही आणि तिला विज्ञान म्हणून खपवलेही नाही. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची चार अंडी घालते, तिची वीण मार्चपासून पावसाळ्यापर्यंत चालते, आणि जागा निवडताना तिला त्या वेळची ओल, उघडी जमीन व शत्रू दुरून दिसण्याची सोय या गोष्टी दिसत असतात. पुढे दोन महिन्यांनी पडणाऱ्या पावसाची खबर तिला असते असे सिद्ध झालेले नाही, एवढे त्याने सांगितले. मला हे उत्तर समतोल वाटले. फेरीतल्या एका काकांना ते मुळीच पटले नाही आणि त्यांनी मिसळीपर्यंत वाद घातला.

आता तक्रारी. पंचगंगेच्या काठावरची फेरी या गटाने एवढी ढिली का ठेवली आहे, हे मला कळत नाही. पाण्याच्या पातळीविषयी बोलायला कोल्हापुरात याहून चांगली जागा नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेले की इशारा आणि 43 फुटांवर गेले की धोका, हे आकडे येथे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पातळी 55 फुटांच्याही वर गेली होती. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की शहर हिशेब मांडू लागते. पण हा सगळा हिशेब माणसांचा. त्याच पाण्याने नदीतल्या जीवांचे काय होते, यावर फेरीत दोन-चार वाक्यांपलीकडे काही आले नाही, आणि उरलेला वेळ पुलावरून दिसणाऱ्या पक्ष्यांची यादी करण्यात गेला.

वास्तविक येथे सांगण्यासारखे किती आहे! आपल्या नद्यांवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पावसाळा संपला की बरगे, म्हणजे गाळे बंद करणाऱ्या फळ्या, घालून अडवले जातात आणि पुढच्या पावसाआधी बरगे काढले जातात. म्हणजे एरवी नदी ज्या महिन्यांत उतरत जायची त्याच महिन्यांत बंधाऱ्यामागे पाणी तुंबून पातळी वर राहते. उथळ धार, वाळूचे पट्टे आणि उघडे खडक यांवर ज्यांचे जगणे अवलंबून आहे, त्यांची जागा त्यामुळे बंधाऱ्याखालच्या तुकड्यात आक्रसते. नदीसुरय आणि छोटी आर्ली उन्हाळ्यात अशाच वाळूवर किंवा खडकावर अंडी घालतात. पाण्याचे आवर्तन सुटून पातळी एका रात्रीत हातभर चढली तर ती अंडी गेली. काठाच्या मातीत बीळ करून अंडी घालणाऱ्या खंड्यालाही तोच धोका. कृष्णा आणि पंचगंगेतल्या मगरी उन्हाळ्यात काठावर, पाण्याच्या रेषेच्या वर खड्डा करून अंडी घालतात आणि पिल्ले पावसाच्या तोंडावर बाहेर येतात, म्हणजे नदी फुगण्याच्या आत किंवा फुगता फुगता. पूर आला की मगरी मुख्य धारेचा जोर टाळून ओढ्यांत, उसाच्या फडांत, पाणी शिरलेल्या मळ्यांत येतात, आणि पूर ओसरल्यावर शिरोळ भागात मगर दिसल्याच्या बातम्या येतात. दिवड हा पाण्यातला बिनविषारी साप घराच्या जोत्यापर्यंत येतो आणि नाहक मारला जातो. पुराच्या पाण्याविरुद्ध वर चढणारे चढणीचे मासे बंधाऱ्यापाशी अडतात की बरगे काढलेल्या गाळ्यांतून पुढे जातात, हे तर तेथे उभे राहून दाखवता आले असते. काठी घेऊन तलावावर जो माणूस एवढे शिकवतो तोच नदीवर पक्ष्यांची नावे वाचून दाखवतो, याची चुटपुट लागते.

रंकाळ्याची फेरी छोटी आहे आणि ती तशीच ठीक आहे. पाणी उतरल्यावर संध्यामठ किती उघडा दिसतो त्यावरून पातळीचा अंदाज घ्यायला शिकवतात, ही कल्पना मला आवडली. केंदाळाविषयीही (जलपर्णीविषयी) थोडक्यात पण नेमके सांगितले: सांडपाण्यातून मिळणारे खत आणि फारशी न हलणारी पातळी यांवर ते पोसते, त्याच्या दाट गाद्यांखाली पाण्यातला प्राणवायू कमी होतो, आणि तरीही जांभळ्या पाणकोंबड्या व ढोकरी त्याच गादीवरून सुखाने फिरतात. म्हणून पक्षी दिसले म्हणजे तलाव निरोगी आहे, असा निष्कर्ष काढू नये.

व्यवस्थेविषयी. दुर्बिणी 8 पट मोठे दाखवणाऱ्या, हाताला हलक्या आणि स्वच्छ होत्या. तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण मात्र एकच, त्यामुळे रांग लागते आणि मागे असलेल्याला पक्षी उडाल्यावर पाळी मिळते. गट दहा-बाराचा ठेवतो असे सांगतात, पण जानेवारीत, पाणपक्ष्यांच्या गणनेच्या दिवसांत, तो पंचविसांवर गेलेला पाहिला, आणि तेवढ्या माणसांच्या पायरवाने चिखलावरचे टिलवे काठाच्या पलीकडे निघून गेले. फी सोबत मिळणारी पुस्तिका हा या सेवेतला सर्वांत कच्चा भाग. छपाई सुंदर, छायाचित्रे उत्तम, पण प्रत्येक पक्ष्यापुढे केवळ महिना दिला आहे. ज्यांनी आम्हांला पक्षी महिन्यावर नव्हे, पाण्यावर शोधायला शिकवले, त्यांनी प्रत्येक जातीपुढे ‘ओला चिखल’, ‘घोट्याएवढे’, ‘गुडघ्याएवढे’, ‘खोल’ एवढे चार शब्द छापले असते तरी पुस्तिकेची किंमत वसूल झाली असती. पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला तर नोव्हेंबरमध्येही तलाव काठोकाठ असतो आणि तेव्हा महिन्याची यादी हाती धरून बसणाऱ्याची निराशा होते.

फेरी मेमध्येही ठेवावी, असे मी गटाला कळवले आहे. उन्हामुळे माणसे येत नाहीत, असे त्यांचे उत्तर आले आणि ते खरेही आहे. तरी सकाळी सहा ते साडेआठ एवढीच वेळ ठेवली आणि तळाशी उरलेल्या पाण्याभोवती कोण कोण टिकून आहे ते दाखवले, तर निदान मी तरी पैसे भरून येईन.

फी कुटुंबाने एकदा बाहेर जेवण्याच्या खर्चाहून कमी आहे आणि दहा वर्षांखालील मुलांना ती निम्मी पडते. कळंब्याच्या फेरीला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट असले तर उत्तम, नाहीतर जुन्या चपला. पांढरे किंवा भडक कपडे घालू नयेत, तसे घालून आलेल्यांना गट मागे ठेवतो आणि ते योग्यच आहे. रात्रीच्या फेरीला लाल कागद लावलेली विजेरी न्यावी. ज्यांना एका सकाळी पन्नास जातींची यादी पुरी करायची आहे त्यांनी दुसरीकडे जावे. इतरांनी पहिली फेरी डिसेंबरच्या शेवटी कळंब्याची घ्यावी, दुसरी ऑगस्टमधली तेथलीच, आणि पंचगंगेची फेरी गटाने सुधारली असल्याची खात्री करून मगच नाव नोंदवावे.